अँटेनाचं सॉफ्टवेअर: दोन कामं, दोन हत्यारं

गच्चीवर हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडसाठी इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्ही आकाराची तारेची अँटेना) ताणायची होती, शिवाय एफआर-४ या फायबरग्लासच्या सर्किट बोर्डवर २.४ गिगाहर्ट्झचा पॅच (चपटी अँटेना) करायचा होता. अँटेना कशी चालेल याचा हिशेब आधीच करून देणारं, दोन्हींना चालेल असं एकच फुकट सॉफ्टवेअर शोधत होतो आणि तिथेच घोडं अडलं होतं.

तारेला ४नेक२ पुरलं. विंडोजवर चालतं, पोटात १९८१ चं नेक-२ इंजिन. चेहरा जुनाट, हिशेब चोख. ते तारेचे तुकडे पाडून प्रत्येकातला प्रवाह काढतं. तुकडा तरंगलांबीच्या विसाव्या भागाएवढा ठेवला की आकडे स्थिरावतात. जमिनीसाठी 'फ्री स्पेस'ऐवजी 'रिअल ग्राउंड' निवडल्यावर पॅटर्न (कुठल्या दिशेला किती ऊर्जा जाते ते चित्र) पार बदलला: १० मीटर उंचीवर बरीचशी ऊर्जा सरळ वर आकाशात जाते. म्हणजे शेजारच्या जिल्ह्यांशी गप्पा झकास, परदेश अवघड.

पॅचसाठी मात्र नेक-२ बाद, कारण त्याला बोर्डचा डायलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारा) थर मांडताच येत नाही. तिथे ओपनईएमएस घेतलं. तेही मोफत, एफडीटीडी पद्धतीचं, म्हणजे जागेची जाळी करून लहरी क्षणाक्षणाने मोजणारं. पण ऑक्टेव्ह किंवा पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहावी लागते. पॅचच्या कडांशी जाळी बारीक केली, तेव्हा कुठे रेझोनन्स (पॅच ज्या फ्रिक्वेन्सीला जुळतो ती) इकडेतिकडे सरकायचा थांबला.

लिनक्सवाल्यांनी तारेसाठी एक्सनेक२सी बघावं.