नाजूक तब्येतीच्या बाळाचे छोटे छोटे टप्पे घरी साजरे कसे करायचे

आमचं पिल्लू 28 व्या आठवड्यात जन्मलं, वजन 980 ग्रॅम, 84 दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत होतं आणि घरी आलं ते नाकात ऑक्सिजनची नळी आणि दुधासाठी राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घेऊनच. आता तो सव्वादोन वर्षांचा आहे. ज्यांच्या घरी असंच बाळ आहे, म्हणजे फुफ्फुसं कमजोर, हार्टचं ऑपरेशन झालेलं, फिट्स येतात, ट्यूबवर आहे, अशा आईबाबांसाठी हे लिहितेय, कारण पहिलं वर्ष मी नुसतं कोणत्या महिन्यात बाळाला काय यायला हवं त्याचे तक्ते बघून रडण्यात घालवलं आणि त्या वर्षात त्याने काय काय केलं ते मला आज नीट आठवत नाही, याचं फार वाईट वाटतं.

सगळ्यात आधी वय नीट मोजा. बाळ लवकर जन्मलं असेल तर 40 आठवड्यांतून जन्माचे आठवडे वजा करायचे, आमचे 40 वजा 28 म्हणजे 12 आठवडे, म्हणजे जवळपास 3 महिने. त्याचा पहिला वाढदिवस आला तेव्हा विकासाच्या हिशोबाने तो 9 महिन्यांचाच होता. याला करेक्टेड एज म्हणतात आणि साधारण 2 वर्षांपर्यंत डॉक्टर विकास तपासताना हेच धरतात. (लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात, त्यात हे वजा करत बसू नका, आमच्या ओळखीत एकींनी केलं होतं.) आणि अगदी धडधाकट मुलांचीसुद्धा रेंज केवढी मोठी असते बघा, डब्ल्यूएचओच्या तक्त्यात एकट्याने चालायला लागण्याचं वय 8.2 महिन्यांपासून 17.6 महिन्यांपर्यंत आहे, आणि शंभरातली चारेक मुलं हाता-गुडघ्यांवर रांगतच नाहीत, सरळ उभी राहतात. आपल्या मुलांना तर त्यात आजारपणं, ॲडमिशन्स, श्वास घेण्यातच जाणारी ताकद हे सगळं वर असतं.

मग साजरं काय करायचं? माझे आजोबा सुतारकाम करायचे, त्यांच्या तोंडात एक शब्द असायचा, तसू. एका गजाचे 24 तसू. आमच्या फिजिओ ताईंनी बसणं या एका गोष्टीचे असेच तसू पाडून दिले. पालथं घातल्यावर मान उचलणं, मग कोपरांवर येणं, मग मांडीत टेकून बसलं की मान न लटपटणं, मग पुढे दोन्ही हात टेकून बसणं, मग त्यातला एक हात उचलून खुळखुळा धरणं. तक्त्यात याची एकच ओळ असते, "आधाराशिवाय बसतो". आमच्याकडे त्याची वहीत 9 पानं आहेत. तुमच्या थेरपिस्टला सरळ विचारा, ताई, आता पुढची सगळ्यात छोटी पायरी कोणती, आणि तीच मनात धरा. जवळपास थेरपिस्ट नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी नावाचं केंद्र आहे का ते विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी आणि थेरपी तिथे मोफत होते. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई तिथली चिठ्ठी मिळवून देऊ शकतात.

आणि फक्त हालचालीच मोजू नका. ऑक्सिजन अर्ध्या लिटरवरून पाववर आला, महिनाभर ॲडमिट करावं लागलं नाही, गालाची चिकटपट्टी बदलताना पहिल्यांदा रडला नाही, बाबांचा आवाज ऐकून दाराकडे बघितलं, हे सगळं धरायचं. आमच्या मुलाने पहिल्यांदा स्वतःहून माझ्याकडे हात केले तो दिवस मला तो चालला त्यापेक्षा मोठा वाटतो, अजूनही.

रोजच्या तसूसाठी काही मोठं करायची गरज नसते. आम्ही स्टीलची वाटी आणि चमचा घेतो, हळूच टण् करतो, तो हसतो, कॅलेंडरवर लाल टिकली लावायची, झालं. तुमच्या बाळाला आवाजाने दचकायला होत असेल तर आवाज नको, आवडीचा मऊ रुमाल गालावरून फिरवा. त्याला काय आवडतं ते बघून ठरवा, टाळ्यांनी आमचा पहिल्यांदा इतका घाबरला की सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, खाली आलं.

आता मोठे कार्यक्रम, उष्टावण, बोरन्हाण, वाढदिवस. हे करायचेच, आपल्या मुलांनाही सगळं मिळालं पाहिजे असं माझं ठाम मत आहे, पण पद्धत बदलायची.

पहिली गोष्ट आग, कारण याच्याबद्दल कोणीच आधी सांगत नाही. घरात कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन देणारं मशीन) किंवा ऑक्सिजनचा सिलेंडर चालू असेल तर निरांजन, समई, केकवरची मेणबत्ती, उदबत्ती, काही म्हणजे काही बाळाजवळ नको, निदान 10 फूट लांब. ओवाळायचं असेल तेवढ्यापुरता बंद करू असं घरचे म्हणतात, तेही करू नका, ऑक्सिजन कपड्यांत, दुपट्यात, केसांत थोडा वेळ साठून राहतो, आणि बाळाची नळी अशी कोणाच्या सोयीने काढायची नसते. आमच्या सासूबाईंनीच यातून मार्ग काढला. औक्षणाच्या ताम्हनात निरांजन ठेवलंच नाही, कुंकू लावलं, अक्षता डोक्यावर टाकल्या आणि सुपारी आणि सोन्याची अंगठी घेऊन ओवाळलं. औक्षणात सुपारी-अंगठीने ओवाळतातच, त्यामुळे कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. दिवा देवघरात लावला, दुसऱ्या खोलीत. तसंच नळी असलेल्या बाळाच्या नाकाला, ओठांना व्हॅसलीन किंवा तेल चोपडू नका, पाण्याच्या बेसचं क्रीम कोणतं चालेल ते डॉक्टरांना विचारा. आणि दृष्ट काढायची तर खुशाल काढा, पण मीठ-मोहरी-मिरच्या घरात जाळू नका, त्या धुराने आपली मुलं खोकून खोकून बेजार होतात, उतरवून बाहेर नेऊन टाका.

उष्टावण. ट्यूबवरच्या बाळाचं उष्टावण कसलं, असं मला एका बाईंनी तोंडावर म्हटलं होतं. होतं, नक्की होतं. फक्त गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टने हो म्हटल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, एक थेंबसुद्धा नाही, कारण काही मुलांचं अन्न न खोकताच श्वासनळीत जातं आणि आपल्याला कळतही नाही. पातळ पदार्थ बहुतेक वेळा जास्त अवघड असतात, म्हणून किती घट्ट हवं तेही विचारून घ्या. आम्हाला करेक्टेड 13 महिन्यांना परवानगी मिळाली, चमच्याच्या टोकावर मावेल एवढीच. माझ्या भावाने हात धुतले, सॅनिटायझर लावलं, चांदीच्या चमच्यावर घोटलेल्या घट्ट पेजेचा हरभऱ्याच्या डाळीएवढा ठिपका घेतला आणि त्याच्या खालच्या ओठाला लावला. त्याने जीभ बाहेर काढली, तोंड वाकडं केलं, भुवया वर गेल्या, सगळे श्वास रोखून बघतायत, आणि मग त्याने परत तोंड उघडलं. भाऊ तिथेच रडायला लागला. बाकीचं जेवण नेहमीसारखं ट्यूबमधून दिलं, पण त्या दिवशी त्याला आमच्या पंगतीत बसवून दिलं, आणि ते आम्ही पुढे चालूच ठेवलं, सगळे जेवतात तेव्हाच त्याचंही जेवण. परवानगी नसेल तर नुसतं एवढं करा, पंगतीत बसवा, खिरीचा वास घेऊ द्या. ट्यूबमध्ये खीर वगैरे घालायला कोणी सांगेल, ट्यूब ब्लॉक होते, घालू नका.

बोरन्हाणाला बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, शेंगदाणे, हलवा, यातलं जवळपास सगळंच घशात अडकणारं. आम्ही सतरंजीवर त्याला मांडीत घेऊन बसलो आणि वरून रंगीत ओढण्या आणि मोठे कापडी चेंडू हळूहळू सोडले, बोरं आणि हलवा बाजूला ताटात, आलेल्या मुलांनी बाहेर खाल्लं. हलव्याचे दागिने आवडीने घालावेसे वाटतात पण त्यातले दाणे सुटतात आणि गळ्यात आधीच नळी असते, मी काळ्या झबल्यावरच पांढऱ्या लोकरीने हार आणि बाजूबंद विणले. फोटोत नळी दिसते म्हणून कापायची का असं खूप जणी विचारतात, मी नाही कापत, ती त्याच्या त्या वयाची आहे.

पाहुण्यांचं एकदाच स्पष्ट सांगून टाका, फोनवरच, आमंत्रण देतानाच. सर्दी-खोकला असेल तर येऊ नका, आल्यावर साबणाने हात धुवा, पापी घ्यायची नाही, अत्तर-सेंट लावून येऊ नका. एका वेळी चार-पाच माणसं, मुख्य कार्यक्रम 20 मिनिटं. बाळाची झोप झाल्यावरची वेळ धरा, फीड झाल्या झाल्या नको, हाताळताना उलटी होते. ॲडमिशनच्या लगेच नंतर किंवा साथ चालू असेल तर पुढे ढकला, तारखेला काही अर्थ नाही, आमचा पहिला वाढदिवस सात आठवडे उशिरा झाला. फिट्स येणाऱ्या मुलांकडे चमकणाऱ्या लाइट्सच्या माळा लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्यातला जन्मजात दोष) असलेल्या मुलांना लॅटेक्सची, म्हणजे फुग्याच्या रबराची ॲलर्जी बऱ्याचदा असते, तिथे फुगे नकोतच, आणि फुटलेल्या फुग्याचा तुकडा तर कुठल्याच लहान मुलाच्या हाताला लागू देऊ नका.

"अजून बसत नाही का?" हे विचारणारे येणारच. मी आधी गप्प बसायचे किंवा चिडायचे. आता लगेच सांगते, "मावशी, परवा त्याने हात टेकून 11 सेकंद बसून दाखवलं, थांबा व्हिडिओ दाखवते." व्हिडिओ बघितला की माणसं खरंच बदलतात, पुढच्या वेळी तेच विचारतात, आता किती सेकंद झाले.

वही ठेवा. तारीख, काय केलं, कोणी बघितलं, शक्य असेल तर 10 सेकंदांचा व्हिडिओ. डेव्हलपमेंटच्या डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो, कारण तिथे गेल्यावर आपली मुलं नेमकी झोपतात नाहीतर रडतात. दुसरं म्हणजे न्यूमोनियाने 12 दिवस ॲडमिट राहिल्यावर आमच्या मुलाने बसणं सोडून दिलं, अंगात जीवच राहिला नव्हता, तेव्हा वहीमुळे कळलं की नक्की कुठपर्यंत आला होता. येत असलेली गोष्ट गेली तर डॉक्टरांना लगेच सांगायचं, वाट बघायची नाही. आणि परत आली की परत वाटी वाजवायची, आमच्या वहीत "हात टेकून बसला" दोनदा लिहिलंय आणि दोन्ही वेळा टिकली लावलीये.

मोठं भावंड असेल तर टिकली लावायचं काम त्याला द्या. आमची मुलगी सात वर्षांची आहे, वर्षभर तिचं सगळं "बाळ आजारी आहे ना" म्हणून राहून जात होतं. आता कॅलेंडर तिच्या ताब्यात आहे, आणि त्यात एक ओळ तिचीही असते, दात पडला, सायकल आली, त्यालाही टण् होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तेवढं बघून घ्या, बॅकअप सिलेंडरचा काटा, ऑक्सिमीटरची बॅटरी, सक्शन (कफ ओढायचं मशीन) चार्ज आहे का, आणि लाइट गेले तर कोण काय करणार. एका माणसाला फक्त बाळाकडे लक्ष द्यायला ठेवा, फोटो नाही, वाढणं नाही, आणि तो दर अर्ध्या तासाने बदला, म्हणजे आईलाही बसून दोन घास खाता येतात.