गाईड डॉग घेऊन इंग्लंडमधला जुना वाडा बघायला जायचंय? मग असं करा

मला अगदी कमी दिसतं, त्यामुळे मी जिथं जाते तिथं ऑलिव्ह, म्हणजे माझी लॅब्रेडॉर गाईड डॉग, सोबत असतेच. गेल्या उन्हाळ्यात आई पुण्याहून आली आणि म्हणाली मला त्या लॉर्ड कर्झनचं घर बघायचंय. डर्बीशायरमधलं केडलस्टन हॉल, कोलकात्याचं राजभवन (आताचं लोकभवन, १८०३ ला बांधून झालं ते) या घराच्या धर्तीवर बांधलंय. आईचा पहिला प्रश्न, "अगं पण कुत्र्याला कोण आत घेईल?"

घेतात. वेबसाईटवर "घरात कुत्रे आणू नयेत" असं लिहिलेलं असतं ते पाळीव कुत्र्यांसाठी, तेवढं वाचून प्लॅन कॅन्सल करू नका. इथं २०१० चा इक्वालिटी ॲक्ट आहे, असिस्टन्स डॉगला (म्हणजे गाईड डॉगसारख्या मदतनीस कुत्र्याला) अडवणं हा सहसा भेदभाव धरला जातो, आणि कुत्र्याचं ओळखपत्र किंवा जॅकेट कायद्यानं सक्तीचं नाही. पण असेल तर घालाच. एका घराच्या दारात (नाव नको) मी पंधरा मिनिटं पावसात उभं राहून कायदा समजावत बसले होते, हार्नेस बॅगेत होता, चूक माझीही.

मग फोन. दोन-तीन दिवस आधी करा, आणि "कुत्रा आणू का?" असं विचारायचंच नाही, "मी गाईड डॉग घेऊन येतेय" एवढं सांगायचं आणि थेट कामाचे प्रश्न: मुख्य खोल्या कुठल्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, जिना गोल आहे का, गर्दी कधी कमी असते, हात लावून बघता येतील अशा वस्तू आहेत का. केडलस्टनसारख्या घरांत भारी खोल्या वरच्या मजल्यावर असतात, तळमजल्यावर नाही, हे व्हीलचेअरवाल्यांनी तर आधी विचारलंच पाहिजे. आणि हो, पेंढा भरलेले प्राणी आहेत का तेही विचारा, हसू नका, एका हॉलमध्ये उभं अस्वल होतं आणि शहाणी ऑलिव्ह तिथं अशी खिळली की पुढे पाऊलच टाकेना.

सोबत कोणी येणार असेल तर नॅशनल ट्रस्टचं (केडलस्टनसारखी जुनी घरं सांभाळणारी संस्था) इसेन्शियल कम्पॅनियन कार्ड काढून ठेवा. कार्ड तुमच्या नावाचं, फुकट मिळतं, आणि सोबत्याचं तिकीट पडत नाही. तुमचं मात्र पडतं.

पोचल्यावर लगेच दारात जाऊ नका, आधी कुत्र्याचं आटपा. इथले गाईड डॉग "बिझी बिझी" म्हटलं की शू-शी करतात, तेव्हा गवताचा कोपरा शोधा, पिशव्या खिशात ठेवा, पाणी पाजा. आवारात बऱ्याच ठिकाणी मेंढ्या चरत असतात, लीश सोडू नका.

आत गेल्यावर खरी अडचण उजेडाची. जुने पडदे, गालिचे उन्हानं विटतात म्हणून खिडक्यांचे ब्लाइंड ओढलेले असतात, नाजूक वस्तूंसाठी तर उजेड साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) ठेवतात, म्हणजे आपल्याकडच्या दिवेलागणीसारखं. बाहेरून आलात की दोन मिनिटं थांबा. दोऱ्या लावलेल्या असतात त्या मला दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक खोलीत बसलेल्या स्वयंसेवकाला सांगते, "मला खोली बोलून दाखवा." हे लोक खूश होतात हो, कोणी विचारायचीच वाट बघत असतात. केडलस्टनच्या मार्बल हॉलमध्ये अलाबास्टरचे (संगमरवरासारखा दिसणारा मऊ दगड) वीस खांब आहेत, ते मला असे ऐकूनच कळले. गुळगुळीत फरशीवर कुत्र्याची नखं टकटक वाजतात, पाय सरकतो, तिथं घाई नको. आणि शेपटी! चिनी मातीच्या भांड्यांपाशी आई सारखी "अगं, शेपटी, शेपटी" करत होती, तर थांबायचं असेल तिथं कुत्र्याला खाली बसवा आणि शेपटी आपल्या पायाकडे वळवून घ्या. पाठीवरची सॅक बहुतेक ठिकाणी पुढे घ्यायला लावतात, वाटी वगैरे खांद्याच्या लहान पिशवीत ठेवा.

तासाभरानं बाहेर या, कुत्रंही दमतं. टी-रूममध्ये कोपऱ्यातलं टेबल मागा, म्हणजे वेटरचा पाय कुत्र्यावर पडत नाही.

लंडनला असाल तर १० किंग हेन्रीज रोडवर बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते घर आहे, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं घेतलंय. शहरातलं जुनं घर, जिन्यांचं आधी विचारून घ्या. आईला पुढच्या खेपेला तिथंच न्यायचंय.