जयंतीच्या फ्लेक्सवर पत्र छापण्याआधी

शिवजयंतीच्या तोंडावर मंडळाच्या ग्रुपवर एखादे ‘महाराजांचे अस्सल पत्र’ येते आणि दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर चढते. मधला एक दिवस तपासणीला द्या.

मजकूर कितीही भारी असो, आधी त्याचा ठावठिकाणा काढा: कोणी लिहिले, कोणाला, कधी आणि कुठल्या छापील साधनग्रंथात, कितव्या लेखांकाला (म्हणजे ग्रंथातल्या पत्राच्या क्रमांकाला). इतिहासकार वि. का. राजवाडे यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड किंवा ‘शिवकालीन पत्रसारसंग्रह’ इथून सुरुवात करा. पुण्यात असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळ गाठा. लेखांक सापडला नाही तर पत्र बाजूला ठेवा.

सापडले तर पूर्ण वाचा. ‘भाजीच्या देठालाही हात लावू नका’ ही सैनिकांना दिलेली आज्ञा म्हणून हमखास छापतात. देठाचा उल्लेख १६७६ मध्ये प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला गेलेल्या पत्रात आहे, आणि तिथला विषय आहे वसुली कारभारातली सचोटी. लष्कराने कुणब्यांचे दाणे, भाकर, गवत उचलू नये, ही ताकीद चिपळूणच्या छावणीला गेलेल्या वेगळ्या पत्रात आहे. दोन्ही पत्रे अस्सल. फ्लेक्सवर मात्र त्यांची खिचडी होते. आणि देठ पुढाऱ्याच्या फोटोशेजारी गेला की वसुलीचा मुद्दा सोयीस्कर गळतो.

आता तारीख. इंग्रजी साल काढायला शालिवाहन शकात ७८ मिळवा. पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९. शके १५५१, फाल्गुन वद्य ३ हे जेधे शकावलीतले, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींतले, महाराजांच्या जन्माचे टिपण. घाईत ७८ मिळवले तर १६२९ येते, खरे साल १६३०. शुहूर सन ही जुन्या कागदांवरची दुसरी कालगणना, तिचा आकडा अरबी शब्दांत असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला बदलते, म्हणून इंग्रजी सालासाठी मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. पानिपतची लढाई याच ११६१ सनातली, पण जानेवारीतली, तेव्हा ६०० मिळवून १७६१. ६ जून १६७४ ही राज्याभिषेकाची तारीख जुन्या, ज्यूलियन पद्धतीची आहे. आजच्या कॅलेंडरने ती १६ जून. वार जुळत नाही म्हणून अस्सल कागद खोटा ठरवणारे इथेच फसतात.

फोटो आला असेल तर मोठा करून बघा. मोडीत आधी रेघ ओढून अक्षरे तिला लटकवतात, शब्द सुटे नसतात, पूर्णविराम नसतो. पिवळट कागदावर सुबक देवनागरी आणि उद्गारचिन्हे दिसली तर ते डिझायनरचे काम. माथ्यावरची मुद्रा आणि शेवटचे ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब (पत्र संपल्याचा शिक्का) दोन्ही शोधा. पण मुद्रेचे चित्र कुणीही चिकटवू शकतो, तेवढ्यावर निकाल देऊ नका.

बखरीतला संवाद पत्र म्हणून छापू नका. सभासदाची बखर राजारामांच्या काळातली, चिटणिसांची एकोणिसाव्या शतकातली. दोन्हींचे वजन सारखे नाही.

छापताना गाळलेल्या जागी टिंबे द्या, भाषा आजची केली असेल तर ‘भावार्थ’ लिहा आणि खाली एका ओळीत कोणाला, तारीख, ग्रंथ, खंड, लेखांक. ही ओळ निदान दोन इंच उंच अक्षरांत घ्या, नाहीतर रस्त्यावरून वाचता येत नाही.