मेडिकल स्कूलचा खर्च: पहिल्या कर्जावर सही करण्याआधी

लेकीला मेडिकल स्कूलचं पत्र आलं ते २०१८ साल. आम्ही तेव्हाही इथेच होतो, न्यू जर्सीत एडिसनला. पत्रासोबत खर्चाचा कागद होता: ट्यूशन, फी, विमा, राहणं-खाणं धरून वर्षाला ८६ हजार डॉलर. मी एका छोट्या कंपनीचे हिशेब बघते, आकड्यांची मला भीती नाही. पण त्या रात्री तो आकडा चारने गुणला आणि कागद पालथा घालून ठेवला. नवरा म्हणाला, पुण्याचा फ्लॅट विकू.

फ्लॅट विकला नाही. दुसऱ्या दिवशी मी सांगलीहून आणलेली लाल कापडी बांधणीची खतावणी काढली आणि पाच रकाने आखले: नाव, शेवटची तारीख, पात्रता, रक्कम, लागणारे कागद. आता मंडळातल्या ओळखीच्या आया फोन करून विचारतात, तेव्हा मी हेच रकाने आखायला सांगते.

सगळ्यात आधी पात्रता बघा, कारण आपल्या घरांत तिथेच गाडी अडते. मूल एच-फोरवर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर असेल तर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं कर्ज मिळत नाही आणि फेडरल कर्ज नाही म्हणजे फेडरल कर्जमाफीही नाही. ग्रीन कार्ड असेल तर फेडरल कर्ज मिळतं, पण काही सरकारी स्कॉलरशिपना नागरिकत्वच लागतं. आमचं ग्रीन कार्ड लेक अकरावीत असताना आलं आणि ती कॉलेजात असताना आम्ही नागरिक झालो. अर्ज भरण्यात महिने घालवण्याआधी हा रकाना भरा.

फॅफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज, प्रत्येकाने भरायचाच. त्यात मेडिकलचा विद्यार्थी स्वतंत्र धरतात, आईवडिलांचं उत्पन्न मोजत नाहीत. पण कॉलेजची स्वतःची ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, हवी असेल तर बरीच कॉलेजं आईवडिलांचे कागद मागतात, मुलगी सव्वीस वर्षांची झाली तरी. तिथे भारतातली मालमत्ताही लिहावी लागते. आम्ही पुण्याचा फ्लॅट लिहिला. लपवू नका, पुढे अंगाशी येतं.

आता बाहेरच्या स्कॉलरशिप. मोठं नाव सांगायचं तर पॉल अँड डेझी सोरोस फेलोशिप. हंगेरीहून आलेल्या जोडप्याने १९९७ साली सुरू केली, स्थलांतरितांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी. वर्षाला तीस जणांना मिळते, दोन वर्षांत मिळून ९० हजार डॉलरपर्यंत. वयाची अट तीस, आणि मेडिकलच्या दुसऱ्या वर्षापर्यंतच अर्ज करता येतो. लेकीने दोनदा अर्ज केला, मिळाली नाही. पण त्यासाठी लिहिलेला निबंध, आजोबांच्या डायलिसिसच्या वाऱ्यांबद्दलचा, पुढे चार ठिकाणी उपयोगी पडला. म्हणून मोठ्या ठिकाणचा निबंध आधी लिहून घ्या.

खरे पैसे मिळाले ते छोट्या ठिकाणांहून. कौंटीच्या डॉक्टरांची संघटना, राज्याच्या संघटनेची फाउंडेशन, कॉलेजात असताना लेक जिथे स्वयंसेवक होती त्या हॉस्पिटलचं मदतमंडळ, गावातली कम्युनिटी फाउंडेशन. दोन हजार, अडीच हजार, कुठे एक हजार. अशा ठिकाणी अर्ज करणारे मोजके असतात, कारण गाव किंवा कौंटीची अट असते. इंटरनेटवरच्या लाखभर जणांच्या सोडतीत नाव घालण्यापेक्षा गावातल्या चार दारांवर जाणं मला केव्हाही पटतं.

इथे माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. खाजगी फाउंडेशनना दरवर्षी ९९०-पीएफ नावाचा कर-फॉर्म भरावा लागतो आणि तो सगळ्यांना बघायला खुला असतो. त्यात त्या वर्षी कुणाला, कशासाठी, किती पैसे दिले याची यादी असते. वेबसाइटवर ‘आरोग्य क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांना मदत’ एवढंच लिहिलेलं असतं, पण यादीत सगळे पैसे नर्सिंग शाळांना गेलेले दिसतात. मग तिथे रविवार घालवायचा नाही. अशी सात नावं मी खतावणीतून खोडली.

अडीच हजार म्हणजे समुद्रात थेंब, असं म्हणू नका. २०२५-२६ साली मेडिकलच्या विद्यार्थ्याला मिळणाऱ्या फेडरल अनसबसिडाइज्ड कर्जाचा दर ७.९४ टक्के आहे आणि व्याज शिकत असतानाच चढायला लागतं. पहिल्या वर्षी न घेतलेल्या अडीच हजारांवर चार वर्षांत आठशेच्या आसपास व्याज वाचतं. स्कॉलरशिपचा चेक उशिरा, ऑक्टोबरात आला तरी चालतं. कर्जाचा हप्ता कॉलेजात जमा झाल्यापासून १२० दिवसांच्या आत तेवढी रक्कम परत केली तर तिच्यावरचं व्याज आणि फी दोन्ही रद्द होतात. आम्ही दोनदा केलं.

आणि एक ठेच आम्हाला लागली, ती तुम्हाला लागू नये. बाहेरची स्कॉलरशिप मिळाली की कॉलेजला कळवावंच लागतं, कारण एकूण मदत खर्चाच्या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही. लेकीने कळवल्याबरोबर कॉलेजने तिच्या ग्रँटमधून तेवढीच रक्कम कापली. म्हणजे तिने रात्री जागून मिळवलेले पैसे कॉलेजच्या खिशात गेले आणि कर्ज होतं तेवढंच राहिलं. मला फार लागलं ते. मी लेकीला म्हटलं, भांडू नकोस, लेखी विचार. तिने तीन ओळी लिहिल्या: ही रक्कम आधी कर्जातून वजा करता येईल का, तुमचा याबाबतचा नियम कुठे लिहिला आहे, आणि माझ्या बाबतीत फेरविचारासाठी कुणाला भेटू. नऊ दिवसांनी ग्रँट परत आली आणि कर्ज कमी झालं. हा प्रश्न प्रवेश घेण्याआधीच विचारा, उत्तर ईमेलमध्ये घ्या.

सेवेच्या बदल्यात मिळणारे पैसे वेगळे. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर ही सरकारी संस्था ट्यूशन, फी आणि महिन्याचा खर्च देते. बदल्यात दर वर्षासाठी एक वर्ष, कमीत कमी दोन वर्षं, डॉक्टरांची कमतरता असलेल्या भागात काम करायचं. नागरिकत्व लागतं, आणि शाखा प्राथमिक उपचारांचीच: फॅमिली मेडिसिन, जनरल इंटर्नल मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती, मानसोपचार. मन बदललं आणि करार मोडला तर तिप्पट रक्कम व्याजासह भरावी लागते. बावीस वर्षांच्या मुलाला ‘मला ऑर्थो करायचं नाही’ हे छातीठोक सांगता येत असेल तरच सही करू द्या. नसेल तर याच संस्थेची दुसरी वाट आहे: आधी शिका, मग तिथे नोकरी करा आणि कर्ज फेडून घ्या. लष्कराची एचपीएसपी स्कॉलरशिपही पूर्ण ट्यूशन देते, पण तो आधी लष्करात जायचा निर्णय आहे, पैशांचा नंतर.

आता कर्जमाफी. पीएसएलएफ, म्हणजे लोकसेवेच्या नोकरीबद्दल मिळणारी फेडरल कर्जमाफी, हा कायदा २००७ सालचा. सरकारी किंवा ५०१(सी)(३) प्रकारच्या ना-नफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी करत उत्पन्नाशी बांधलेले १२० मासिक हप्ते भरले की उरलेलं फेडरल डायरेक्ट कर्ज माफ होतं, आणि त्या माफीवर फेडरल आयकर नाही. हप्ते सलग असायची गरज नाही. डॉक्टरांसाठी मोलाची गोष्ट म्हणजे रेसिडेन्सीची, म्हणजे मेडिकलनंतर हॉस्पिटलात पगारी प्रशिक्षण घेण्याची, वर्षंही मोजली जातात, कारण बहुतेक शिकवणारी हॉस्पिटलं ना-नफा किंवा सरकारी असतात. पगार कमी, म्हणून हप्ता लहान, आणि मोजणी मात्र चालू.

म्हणूनच माफीची तयारी पहिलं कर्ज घेतानाच होते. खाजगी बँकेचं कर्ज यात बसत नाही. फेडरल कर्ज दर कमी आहे म्हणून खाजगी बँकेकडे वळवलं तर हा हक्क कायमचा गेला. रेसिडेन्सीत असताना अशी पत्रं भरपूर येतात. आणि माफी करून देतो म्हणून फोनवर पैसे मागणाऱ्याला थारा देऊ नका, अर्ज सरकारी साइटवर फुकट होतो.

२०२५ च्या कायद्याने नियम बदलले आहेत, ते आत्ता बारावीत असलेल्यांनी नीट समजून घ्यावेत. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस, म्हणजे उरलेल्या सगळ्या खर्चाएवढं मिळणारं फेडरल कर्ज, मिळणार नाही. मेडिकलसाठी फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर. आमच्या वेळचा ८६ हजारांचा कागद आज आला असता तर दर वर्षी ३६ हजार बाहेरून उभे करावे लागले असते, आणि खाजगी कर्ज काढलं तर ते माफीच्या बाहेर. म्हणून आता राज्याचं मेडिकल कॉलेज, कॉलेजची स्वतःची ग्रँट आणि गावातल्या त्या छोट्या स्कॉलरशिप यांचं वजन पूर्वीपेक्षा जास्त. नव्या कर्जांना उत्पन्नानुसार फेडीची आरएपी ही एकच योजना राहील. तिचे हप्ते पीएसएलएफमध्ये धरतात. करविवरणातला एजीआय (ठरावीक वजावटींनंतरचं एकूण उत्पन्न) ६५ हजार असलेल्या, मूलबाळ नसलेल्या रेसिडेंटला सहा टक्क्यांनी महिन्याला ३२५ डॉलर पडतील.

शेवटी डब्ल्यू-टू, म्हणजे मालकाकडून दरवर्षी मिळणारा पगाराचा आणि कराचा कागद. माझा भाचा रेसिडेन्सीनंतर एका ना-नफा हॉस्पिटलात लागला. ओळखपत्रावर हॉस्पिटलचं नाव, कोटावर हॉस्पिटलचं बोधचिन्ह. दोन वर्षांनी पीएसएलएफसाठी नोकरीच्या दाखल्याचा फॉर्म पाठवला तर नामंजूर. पगार देणारी होती डॉक्टरांची खाजगी कंपनी, हॉस्पिटलने तिला कंत्राट दिलेलं. चोवीस हप्ते मोजणीत आलेच नाहीत. डब्ल्यू-टूवर ‘बी’ चौकटीत मालकाचा नऊ आकडी क्रमांक असतो. पीएसएलएफच्या सरकारी शोधात तोच क्रमांक टाकायचा, हॉस्पिटलचं नाव नाही. आणि नोकरी घ्यायच्या आधी टाकायचा: एचआरला विचारलं की क्रमांक देतात.

गेल्या वर्षी लेकीला नोकरीचं पत्र आलं, तेव्हा तिने सहीआधी तो क्रमांक मागवून मला फोटो पाठवला. आम्ही दोघींनी आपापल्या स्क्रीनवर तो टाकून बघितला, एकेक आकडा मोठ्याने वाचत. ‘पात्र’ आलं, मग तिने सही केली. नोकरीचा दाखला ती दर जानेवारीत भरते, नोकरी बदलली की तेव्हाही, आणि मोजणीचा कागद मी खतावणीत डकवते. या जानेवारीत ४१ झाले, ७९ बाकी.