कमोड बदलताय? या चुका टाळा, आधी खालची फ्लँज बघा

नवा कमोड बसवून महिना होत नाही तोच बाथरूममध्ये वास सुटतो आणि मग मला फोन येतो. कमोड उचलून बघावं तर बहुतेक वेळा तेच: खाली झिजलेली फ्लँज, म्हणजे कमोड खालच्या मैल्याच्या पाइपाला जोडणारी चपटी कडी, आणि तिच्यावर पांढऱ्या सिमेंटचा लपका.

साखर पेठेतल्या एका जुन्या घरात खालच्या खोलीच्या छताला ओल धरली होती. वरच्या बाथरूममध्ये मूळची शहाबादी फरशी, ती न काढता तिच्यावरच टाइल लावलेली. टाइल आणि मसाला धरून जमीन इंचभर वर आली, फ्लँज मात्र होती तिथेच राहिली. आधीच्या कारागिरानं दोन वॅक्स रिंगा, म्हणजे कमोड आणि फ्लँजमधली फट बुजवणाऱ्या मेणाच्या कड्या, एकावर एक ठेवल्या, कडेनं सिमेंट भरलं आणि काम उरकलं. कमोड जरा डुगडुगला की रिंगा सरकायच्या. मेण एकदा दबलं की परत फुगत नाही, त्यामुळे दर फ्लशला घोटभर पाणी टाइलखाली जात होतं. सिमेंट फोडताना कमोडची कड तडकली आणि चांगलं भांडं वाया गेलं. घरमालक दारातून म्हणत होते, "मामा, किती वेळ करायलात? परत सिमेंट भरा की!" मी भरलं नाही. फ्लँज खरवडून कोरडी केली, उंची वाढवायची रिंग सिलिकॉनमध्ये (फट बुजवायची रबरासारखी पेस्ट) बसवली आणि स्टेनलेस स्क्रूनं खालच्या काँक्रीटला धरली. फ्लँज टाइलच्या पातळीला किंवा पाव इंच वर हवी. मी सरळ पट्टी आडवी टाकून बघतो, नुसत्या नजरेवर विसंबत नाही.

फ्लँजमधली बोल्टची खाच तुटली असेल तर वरून दुरुस्तीची स्टीलची रिंग चालते. पण बीडाचा पाइपच कुजला असेल तर फरशी फोडावीच लागते, तिथे पैसे वाचवू नका. कित्येक घरांत फ्लँज नसतेच, कमोड थेट जमिनीला स्क्रूनं धरलेला असतो आणि खाली रबरी कनेक्टर असतो. तो प्रत्येक वेळी नवाच घ्या.

दुकानात जाण्याआधी माप घ्या: मागच्या भिंतीच्या टाइलपासून भोकाच्या मध्यापर्यंत. चार, नऊ की बारा इंच, ते चिठ्ठीवर लिहून न्या.

उघड्या पाइपात चिंधी कोंबा, तिला दोरी बांधून टोक बाहेर ठेवा.

नट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा. जोर लावला की चिनी माती तडकते.

आता घाईचं बोलतो. आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी नाही, म्हणून लोक तांब्याभर पाणी ओतून "झालं" म्हणतात. तेवढ्यानं गळती कळत नाही. पाणी येऊन टाकी भरली की मगच हे काम काढा. मी दहा बादल्या एकामागून एक ओततो, कडेनं वर्तमानपत्र अंथरतो आणि रात्रभर तसंच ठेवतो. सकाळी कागद कोरडा असेल तरच कमोडच्या कडेनं सिलिकॉन, तेही मागची चार बोटं जागा मोकळी सोडून. उद्या खाली गळायला लागलं तर पाणी तिथून बाहेर येतं आणि झाडू मारतानाच दिसतं.