इंग्रजी शब्दांत लपलेलं मरण कसं शोधायचं

घराचं लोन घेतलंय का? मग सुरुवात त्याच फाईलपासून करा. मॉर्गेजच्या स्पेलिंगमध्ये एक टी असतो जो आपण बोलत नाही, तो आधी बघा, कारण शब्द मुळात मॉर्ट आणि गेज असा आहे, जुन्या फ्रेंचमध्ये मॉर्ट म्हणजे मेलेलं आणि गेज म्हणजे गहाण. गहाण मेलं कसं, तर एडवर्ड कोक या इंग्लिश कायदेपंडिताने १६२८ साली याचा उलगडा दिलाय की कर्ज फेडलं नाही तर जमीन कर्जदाराला मेली आणि फेडलं तर गहाण सावकाराला मेलं. त्याच फाईलमध्ये ईएमआयचा तक्ता असतो बघा, सुरुवातीला व्याजच जास्त आणि मुद्दल नावाला, त्याला अमॉर्टायझेशन म्हणतात, म्हणजे कर्जाला हळूहळू मारत नेणं!

तर पहिलं काम, शब्दात मॉर्ट दिसला की शेजारी आपला मृत ठेवून बघायचा. दोन्ही एकाच मुळाचे. मर्डर त्यातलाच, इम्मॉर्टल पण, आणि ग्रीक देवांचं अँब्रोजिया म्हणजे तर आपलं अमृतच, 'न मरणारं'. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पण नुसत्या आवाजावर जाऊ नका. मॉर्टर म्हणजे खल, त्याचा मरणाशी संबंध आहे असं खात्रीने सांगता येत नाही. आणि संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा कोरोनर, तो आलाय क्राउनवरून, राजाचा माणूस म्हणून. त्यामुळे शब्दांची मुळं सांगणारी ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी उघडून शब्द तपासायचाच, फुकट आहे.

आता उलटं करा, आज मरणाचा वाटणारा शब्द घ्या आणि मागे जा. हर्स म्हणजे शववाहिका. जुन्या फ्रेंचमध्ये हर्स म्हणजे शेतातला दातेरी कुळव. चर्चमध्ये शवपेटीवर मेणबत्त्या खोचायला टोकं असलेली चौकट ठेवायचे, ती कुळवासारखी दिसायची म्हणून तिला तेच नाव पडलं, मग ते पेटी नेणाऱ्या गाडीला लागलं. आणि याच कुळवावरून आलाय रिहर्सल, म्हणजे तेच रान परत कुळवणं. नाटकाच्या तालमीला जाणाऱ्यांना हे जरूर सांगा, आणि ज्यांनी पेरणीआधी रानाला कुळवाच्या दोन-दोन पाळ्या दिल्यात त्यांना तर समजवायलाही लागणार नाही.