युद्धोत्तर काळातील महिला राष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेची निकालपत्रके कशी वाचावीत

अमेरिकेच्या अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियनने दुसऱ्या महायुद्धानंतर घेतलेल्या महिला राष्ट्रीय स्पर्धांचे निकाल चाळताना, शर्यतीचे अंतर यार्डांत दिले आहे की मीटरमध्ये, याची खात्री आधी करून घ्यावी. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, हा फरक नजरेआड झाला, तर जुनी धावपटू आहे त्याहून वेगवान भासते. वेळ हातातल्या स्टॉपवॉचवर सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत घेतली जाई, म्हणून १०० मीटरची अशी वेळ आजच्या विद्युत नोंदीशी ताडून पाहताना तिच्यात साधारण ०.२४ सेकंद मिळवावेत. धावपट्टी कोळशाच्या राखेची असे, हेही ध्यानात असू द्यावे.

उंच उडीची नोंद फूट आणि इंचांत असल्यास सर्व इंच करून २.५४ने गुणावे, म्हणजे सेंटीमीटर मिळतात. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची कृष्णवर्णीय खेळाडू अ‍ॅलिस कोचमन ५ फूट ६ १/८ इंच उडाली, हे ६६.१२५ इंच होतात, म्हणजेच १.६८ मीटर. ब्रिटनच्या डोरोथी टायलरनेही तीच उंची पार केली होती, पण कोचमनने ती पहिल्याच प्रयत्नात ओलांडल्याने सुवर्णपदक तिला मिळाले. म्हणून उंची सारखी दिसताच थांबू नये, प्रयत्नांचा रकाना असल्यास तोही पाहावा.

खरे लक्ष द्यावे ते संस्थेच्या रकान्याकडे. कोचमनने १९३९ ते १९४८ अशी सलग दहा वर्षे राष्ट्रीय उंच उडी जिंकली, आणि तिच्या नावापुढे आधी अलाबामातील टस्कीगी ही कृष्णवर्णीयांची शिक्षणसंस्था दिसते, तर शेवटी जॉर्जियातील ऑल्बनी स्टेट हे महाविद्यालय. ज्या गावात ती वाढली तिथली सार्वजनिक मैदाने कृष्णवर्णीयांना बंद होती आणि ती मातीच्या रस्त्यांवर अनवाणी सराव करीत असे; हे ठाऊक असलेल्या वाचकाला तो रकाना कोरडा वाटणार नाही. १९४० व १९४४चे ऑलिंपिक रद्द झाल्यामुळे तिच्या ऐन उमेदीचा पुरावा मुख्यतः याच राष्ट्रीय निकालांत सापडतो, आणि माझ्या मते ते नीट वाचण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

शोध घेताना नावांची सर्व रूपे जमवावीत. अमेरिकी निकालांतील धावपटू स्टेला वॉल्श पोलंडच्या नोंदींत स्टानिस्वावा वालासिएविच म्हणून भेटते, तर टायलर १९३६च्या निकालांत डोरोथी ओडम या माहेरच्या नावाने आहे.